सूज उतरायच्या आधी

वसईच्या माणसाला १७३९ हे साल वेगळं सांगावं लागत नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. मधल्या तीन महिन्यांत तटाखाली सुरुंग लावले गेले, सॅन सेबॅस्टियनच्या बुरुजाला खिंडार पडलं, आणि त्या खिंडारातून चढणाऱ्यांवर वरून मारा होत राहिला. मराठ्यांकडची मेलेली आणि जायबंदी झालेली माणसं हजारांच्या घरात होती. आपल्याला विजय माहीत असतो, वज्रेश्वरीचा नवस माहीत असतो, इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या कुठल्या कुठल्या देवळांत गेल्या हेही माहीत असतं. त्या जायबंदी माणसांच्या मोडलेल्या हाडांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न मात्र मला अलीकडेच पडायला लागला.

त्या काळचं उत्तर सरळ आहे. हाड आतल्या आत मोडलं असेल, तर बांबूच्या किंवा झाडाच्या सालीच्या पट्ट्या बांधून माणूस पडून राहायचा, आणि बऱ्याचदा हाड जुळायचं, सरळ नाहीतर वाकडं. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर जखम चिघळायची, ताप चढायचा, आणि मग पाय कापायचा की माणूस गमवायचा एवढाच हिशेब उरायचा. वसईत जे होतं तेच लंडन-पॅरिसमध्येही होतं. मोडलेलं हाड आपोआप जुळतं, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. ते जुळवतं कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळायला पुढची अडीचशेहून जास्त वर्षं गेली, आणि उत्तर आलं ते अनपेक्षित दिशेने. हाड जुळवण्याची सुरुवात हाडाच्या पेशी करत नाहीत. ती करतात रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे ज्यांना आपण जंतूंशी लढणाऱ्या म्हणून ओळखतो त्याच. त्यांच्या कामाची जी खूण आपल्याला बाहेरून दिसते, तिला आपण सूज म्हणतो. सूज दिसली की ती उतरवायच्या मागे लागायचं, ही आपली जुनी सवय. म्हणून मला हा इतिहास सांगावासा वाटतो. योगायोग असा, की त्यातली बरीच महत्त्वाची सालं वसई-विरारच्याही इतिहासात आहेत.

लाल हाडं

पहिलं साल १७३९ हेच. वसईला वेढा पडला त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंरी-लुई द्युआमेल हा शास्त्रज्ञ कोंबड्या, कबुतरं आणि डुकरांना एका झाडाचं मूळ खायला घालत होता. ते मूळ म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. त्यापासून कापड रंगवायचा लाल रंग काढत.

याची सुरुवात तीन वर्षं आधी लंडनमध्ये झाली होती. जॉन बेल्चियर नावाचा शल्यवैद्य एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेला. पानात डुकराचं मांस होतं, आणि त्याची हाडं लालभडक होती. चौकशी केल्यावर कळलं, की छापलेल्या कापडावरचा जादा रंग काढायला कोंडा वापरतात आणि तोच रंगलेला कोंडा पुढे डुकरांना घालतात. हे कापड म्हणजे कॅलिको. नाव पडलं ते आपल्या कालिकत बंदरावरून. भारतीय छापील कापडाची युरोपात इतकी चटक लागली होती, की तिकडचे कारागीर त्याची नक्कल करत होते. त्या नकलेच्या उष्ट्या कोंड्यातून हाडांचं शास्त्र पुढे सरकलं.

द्युआमेलने जनावरांना काही आठवडे हे मूळ घातलं, मग बंद केलं, मग पुन्हा घातलं. हाड कापून पाहिलं तर त्यात लाल आणि पांढरी वलयं होती, झाडाच्या खोडात असतात तशी. मूळ खात असताना तयार झालेलं हाडच तेवढं रंगलं होतं. याचा अर्थ हाड सतत तयार होत होतं. तोवर बहुतेकांच्या मनात हाड म्हणजे शरीराचा दगडी भाग, घराच्या वाशासारखा. द्युआमेलच्या वलयांनी दाखवलं की हा वासा जिवंत आहे. पुढे त्याने मोडलेली हाडं कशी जुळतात यावरही लिहिलं.

मंजिष्ठेची गंमत इथे संपत नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचारांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मोडलेल्या जागी लावायचा लेप सांगितलाय: मंजिष्ठ, ज्येष्ठमध, तांदळाचं पीठ आणि शंभर वेळा धुतलेलं तूप. हाडं रंगवणाऱ्या मुळाच्याच कुळातली वनस्पती हाडांवर लावायला सांगितलेली वाचून मी थबकले. पण घाईने यातून काही सिद्ध करायला जाऊ नये. बाहेरून लावलेला लेप आणि पोटात गेलेला रंग यांचं काम वेगळं असतं. मला त्या ग्रंथातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

सूज म्हणजे आजार नव्हे

सुजेची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर लाली, सूज, ऊब आणि ठणका. सुश्रुतानेही हाड मोडल्याच्या लक्षणांत मोठी सूज सांगितलीय, आणि त्यासोबत दाबल्यावर येणारा आवाज आणि हात लावू न देणारी वेदना. लक्षणं सगळ्यांना दिसत होती. ती शत्रूची की मित्राची, हा वाद होता.

या वादात एका माणसाने बाजू बदलली. जॉन हंटर हा स्कॉटिश शल्यवैद्य १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्याबरोबर फ्रान्सच्या किनाऱ्यावर आणि पोर्तुगालमध्ये होता. बंदुकीच्या गोळ्यांच्या जखमा तो रोज पाहत होता. त्या वेळची रीत होती जखम आणखी उघडून गोळी शोधण्याची. हंटरच्या लक्षात आलं, की ज्यांच्या जखमांना कुणी हात लावला नाही असे सैनिकही चांगले बरे होतायत. त्याचं रक्त, दाह आणि गोळीच्या जखमा यांवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७९४ मध्ये निघालं. त्यात त्याने म्हटलं, की दाह हा स्वतः आजार नाही. इजा झाल्यावर शरीर जे हिताचं काम सुरू करतं, ते म्हणजे दाह.

हंटरनेही मंजिष्ठेचे प्रयोग केले होते, आणि त्यातून आणखी एक गोष्ट काढली होती. हाड एकीकडे बनत असतं तेव्हा दुसरीकडे झिजवलंही जात असतं. बनवणं आणि मोडणं एकाच वेळी चालू. हे मोडण्याचं काम कोण करतं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. सूक्ष्मदर्शक अजून तेवढा तयार व्हायचा होता.

१८६७: विरारची गाडी आणि बेडकाचं आतडं

एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. दिवसाला एक, सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी. आज विरार लोकलमध्ये चढण्यासाठी जो जीव टाकावा लागतो, त्याची ती पहिली पायरी.

त्याच वसंतात लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जोसेफ लिस्टरचा लेख क्रमशः छापून येत होता. विषय होता उघडं फ्रॅक्चर, म्हणजे हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. वसईच्या वेढ्यात ज्यावर इलाज नव्हता तेच. लिस्टरने सांगितलेला पहिला रुग्ण ग्लासगोचा ११ वर्षांचा मुलगा होता. १८६५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेलं कापड ठेवलं. जखम चिघळली नाही, सहा आठवड्यांत हाड जुळलं, आणि पाय वाचला. पाश्चरने दाखवलेले सूक्ष्मजंतूच जखम सडवतात, हा लिस्टरचा तर्क होता, आणि तो बरोबर निघाला.

१८६७ मध्येच आणखी एक काम प्रसिद्ध झालं. त्याचं नाव लिस्टरइतकं गाजलं नाही. जर्मनीत युलिउस कोनहाइम याने जिवंत बेडकाच्या आतड्याभोवतीचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि तासनतास पाहत बसला. पडद्याला दाह झाला तसे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे वेग मंदावले. त्या रक्तवाहिनीच्या कडेला लागल्या, भिंतीला चिकटल्या, आणि मग भिंतीतून अंग चोरून बाहेर पडल्या. विरार लोकलमध्ये नालासोपाऱ्याला उतरणारा माणूस भाईंदर गेल्यापासून दाराकडे सरकायला लागतो, तसंच काहीसं. सूज म्हणजे केवळ साचलेलं पाणी नव्हतं. रक्तातून मुद्दाम उतरलेल्या पेशींची ती गर्दी होती.

पण या पेशी उतरून करतात काय? बऱ्याच डॉक्टरांना तर उलटंच वाटत होतं, की पांढऱ्या पेशी जंतूंना पोटात घेऊन शरीरभर पसरवतात.

१८८२: सोपाऱ्याचा स्तूप आणि गुलाबाचा काटा

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्यात 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचं उत्खनन केलं. आत विटांचा स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते, आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात मिळाला. स्तूप म्हटलं की आपल्याला आधी अस्थी आठवतात. आपल्याकडे अस्थी हा शब्दच मृत्यूशी जोडलेला आहे, गेलेल्या माणसाचं मागे उरलेलं काहीतरी.

वर्षाच्या अखेरीस इटलीत मेसिना गावी इल्या मेचनिकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरी एकटा होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. तो ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकातून बघत होता. त्याच्या मनात आलं, बाहेरून काही टोचलं तर या पेशी त्याच्याभोवती जमतील का? त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या अंगात टोचले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

ताऱ्यामाशाच्या त्या पिल्लात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे ही धावाधाव रक्तापेक्षाही जुनी होती. या पेशी परक्या वस्तूला घेरतात, गिळतात, पचवतात. त्यांना 'फॅगोसाइट' म्हणजे भक्षक पेशी हे नाव मिळालं. पुढे मेचनिकोव्हने दाखवलं, की बेडूकमासा मोठा होताना त्याची शेपटी नाहीशी होते तेव्हाही याच पेशी ती खाऊन साफ करतात. तिथे ना जंतू असतो ना शत्रू. जुनं काढून नव्याला जागा करायची, एवढंच काम. माझ्या मते हाडांच्या गोष्टीतला सगळ्यांत मोठा धागा इथेच होता, आणि तो पुढची कित्येक वर्षं तसाच पडून राहिला.

ओडेसाहून भायखळ्याला

मेचनिकोव्ह पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. त्याचा ओडेसाचा एक विद्यार्थीही मागोमाग तिथे पोचला, आणि सुरुवातीला त्याला नोकरी मिळाली ती ग्रंथालयात. हा वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हाफकिनला ऑक्टोबरमध्ये इकडे पाठवण्यात आलं. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्याने प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट आहे.

म्हणजे काट्याभोवती जमणाऱ्या पेशी पाहणाऱ्या माणसाचा शिष्य आपल्या मुंबईत काम करून गेला. मारलेले जंतू टोचायचे आणि शरीराला खऱ्या हल्ल्यासाठी तयार करायचं, ही त्याची पद्धत. टोचल्यावर दंड सुजायचा, ताप यायचा, आणि लोक घाबरायचे. तो ताप आजाराचा नव्हता, शरीराच्या तयारीचा होता. करोनाची लस घेतल्यावर आपल्यातल्या अनेकांनी तोच दुखरा दंड अनुभवलाय.

१९०८ मध्ये मेचनिकोव्हला नोबेल मिळालं, पाउल एर्लिखबरोबर विभागून. पण त्यानंतर रोगप्रतिकाराचं शास्त्र जंतू, लसी आणि रक्तातली प्रतिद्रव्यं यांच्या मागे गेलं. हाडं गेली अस्थिरोगतज्ज्ञांकडे. त्यांच्या हाती १८९५ पासून क्ष-किरण आले होते, आणि त्यांनी हाडांच्या उपचारात क्रांती केली. मात्र क्ष-किरणांत चुना असलेलं तेवढंच ठळक दिसतं. मोडलेल्या जागी साठलेलं रक्त, उतरलेल्या पेशी, नवं मऊ ऊतक यांतलं काही फिल्मवर उमटत नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची फिल्म पाहिली की वाटतं, अजून काहीच घडलेलं नाही. मला वाटतं, हाडांच्या डॉक्टरांची आणि पांढऱ्या पेशींची गाठ पडायला उशीर झाला त्याला ही न दिसणारी दोन आठवडेही थोडीफार कारण असतील.

हाड खाणाऱ्या पेशी

हाड झिजवणारं कोण, या हंटरच्या प्रश्नाला १८७३ मध्ये अल्बर्ट फॉन क्योलिकर याने अर्धं उत्तर दिलं. हाडाला चिकटून बसलेल्या, अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी त्याने दाखवल्या. त्यांना आज ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. या पेशी हाडात खड्डे पाडतात आणि त्यांच्यामागून ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी ते खड्डे नव्या हाडाने भरतात. पण ऑस्टिओक्लास्ट येतात कुठून? शंभर वर्षं बऱ्याच जणांना वाटत होतं, की त्या हाडातच तयार होतात.

१९७० च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड वॉकर याने विशिष्ट उंदीर घेतले. त्यांना असा आजार होता की हाडं झिजतच नव्हती, दगडासारखी घट्ट होत जात होती. त्याने आजारी आणि निरोगी उंदरांचा रक्तप्रवाह जोडून दिला. आजारी उंदरांची हाडं सुधारली. पुढे नुसत्या अस्थिमज्जेच्या आणि प्लीहेच्या पेशी दिल्या तरी तेच घडलं. १९८० मध्ये हाच आजार असलेल्या पाच महिन्यांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. नंतर तिचं हाड तपासलं, तेव्हा हाड खाणाऱ्या पेशींमध्ये मुलग्याचं वाय गुणसूत्र सापडलं, आणि हाड बांधणाऱ्या पेशी तिच्या स्वतःच्याच होत्या.

निष्कर्ष स्पष्ट होता. हाड झिजवणाऱ्या पेशी रक्ताच्या घराण्यातल्या आहेत, मेचनिकोव्हच्या भक्षक पेशींच्या सख्ख्या चुलत बहिणी. बेडूकमाशाच्या शेपटीचा धागा हाडापर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली. २००० साली अमेरिकेतल्या जोसेफ ॲरन आणि योंगवॉन चोई यांनी 'नेचर'मध्ये या विषयाला 'ऑस्टिओइम्युनॉलॉजी' असं नाव दिलं, म्हणजे अस्थी आणि प्रतिकारशक्ती यांचं एकत्र शास्त्र. हे नाव या लेखाच्या बऱ्याच वाचकांहून फार मोठं नसेल.

सहा आठवड्यांत काय घडतं

गेल्या पावसाळ्यात माझी आई जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. वय ६८. डॉक्टरांनी आधी अर्धंच प्लॅस्टर घातलं, खालून आधार आणि वरून बँडेज, आणि सूज उतरली की पूर्ण घालू म्हणाले. शेजारच्या काकू संध्याकाळी आल्या. "वहिनी, एवढी सूज बरी नव्हे. आमच्या ओळखीचा हाडवैद्य आहे, एकदा मालीश करून घ्या, दोन दिवसांत उतरेल." त्यांच्या शब्दात खरी काळजी होती. आईने माझ्याकडे पाहून विचारलं, "जुळेल का गं या वयात?" त्या दोन वाक्यांनी मला हे सगळं वाचायला बसवलं.

आज माहीत असलेली गोष्ट साधारण अशी. हाड मोडतं तेव्हा आतल्या रक्तवाहिन्याही फाटतात आणि तिथे रक्ताची गाठ तयार होते. ती गाठ कचरा नसते. प्रयोगात उंदरांच्या मोडलेल्या जागेतून ती काढून टाकली, तेव्हा हाड कमजोर जुळलं. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. त्या मेलेला भाग साफ करायला घेतात आणि रासायनिक हाका देऊन पुढच्यांना बोलावतात. एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज येतात, मेचनिकोव्हच्या त्या मोठ्या भक्षक पेशी. सुरुवातीला त्या आक्रमक असतात, दाह वाढवतात, साफसफाई करतात. मग त्यांचा स्वभाव पालटतो. त्या दाह शमवतात, नव्या रक्तवाहिन्यांना वाट देतात, हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतात. दोन-तीन आठवड्यांत मोडीभोवती कूर्चेचा मऊ सांधा धरतो, नंतर त्याचं कडक हाड होतं, आणि पुढे महिनोन्‌महिने ऑस्टिओक्लास्ट ते घडवून मूळ आकारात आणत राहतात.

ज्या उंदरांमधले मॅक्रोफेज काढून टाकले, त्यांच्यात हा सांधा नीट धरलाच नाही. ज्या उंदरांच्या पेशींना टीएनएफ या दाहाच्या रसायनाची हाक ऐकू येत नाही, त्यांच्यात कूर्चेचं हाड व्हायला उशीर लागला. म्हणजे सुरुवातीचा दाह हवा असतो, पण तो वेळेवर थांबायलाही हवा. २०१३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं, की ज्या रुग्णांचं नडगीचं हाड रखडत जुळत होतं, त्यांच्या रक्तात एका प्रकारच्या अनुभवी, सतत तयारीत असलेल्या टी-पेशी जास्त होत्या. दुसरीकडे २०१६ मध्ये जपानी संशोधकांना असं दिसलं, की दुसऱ्याच प्रकारच्या टी-पेशी हाड बांधायला मदत करतात. गर्दी तीच, पण कोण उतरतं आणि किती वेळ थांबतं यावर सगळं अवलंबून.

पट्टी किती घट्ट

आता सुश्रुताची ती राहिलेली गोष्ट. त्याने वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. त्यापुढे तो बजावतो, की पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पिकणं होतं. म्हणून बंध मध्यम हवा. तो ठरावीक दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचा, थंडीत सात दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. मोडलेली जागा पिकू नये यासाठी वैद्याने झटावं, असंही तो सांगतो. सूज वेगळी आणि पिकणं वेगळं, हे त्याच्या मनात स्पष्ट होतं.

१८८१ मध्ये जर्मन शल्यवैद्य रिखार्ड फॉन फोल्कमान याने घट्ट बँडेजने रक्तपुरवठा तुटून हात कायमचा आखडतो, याचं वर्णन केलं. आजही घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे काळी-निळी पडलेली बोटं घेऊन माणसं दवाखान्यात येतात. आपल्याकडचा हाडवैद्य स्वस्त असतो, जवळ असतो, रांग नसते. वाडीत किंवा डोंगराकडच्या पाड्यावर राहणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. त्यांच्यातल्या जाणत्यांना हाताने हाड बसवायचं कसब असतं, हेही खरं. पण ताज्या मोडीवर मालीश करणं म्हणजे पेशींनी धरलेली रक्ताची गाठ विस्कटून टाकणं. आणि सुजेला जागा न देता आवळून बांधणं हे तर सुश्रुतालाही मान्य झालं नसतं.

वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्नही इथेच येतो. सूज कमी करणाऱ्या काही गोळ्या प्राण्यांमध्ये हाड जुळणं लांबवतात असं दिसलंय, माणसांवरच्या अभ्यासांत मात्र एकवाक्यता नाही. म्हणून गोळी स्वतःहून सुरू करू नये आणि स्वतःहून बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावं. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हाड जुळायला उशीर लावतात, याबद्दल मात्र वाद नाही.

एक महिना, दोन महिने, तीन महिने

आईच्या प्रश्नाचंही उत्तर सुश्रुताने आकड्यांत दिलंय. लहान वयात एका महिन्यात सांधा स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट. निरीक्षण म्हणून हे अजूनही दिशेने बरोबर आहे. बदललाय तो त्यामागचा अर्थ. म्हातारपणी हाडच थकतं असं आपण धरून चाललो होतो.

२०१५ मध्ये कॅनडातल्या एका गटाने म्हाताऱ्या उंदराचा रक्तप्रवाह तरुण उंदराशी जोडला, वॉकरच्या जुन्या युक्तीने. म्हाताऱ्याचं मोडलेलं हाड चांगलं जुळलं. तीन वर्षांनी त्याच धाग्यावर पुढे जाऊन दिसलं, की हा फरक घडवण्यात तरुण मॅक्रोफेजचा मोठा वाटा आहे आणि त्या काही प्रथिनं सोडून हाड बांधणाऱ्या पेशींना जागं करतात. उंदरांपासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो, आणि या कामातून अजून कुठली गोळी दुकानात आलेली नाही. पण प्रश्नाची जागा बदलली. वय झालं म्हणून हाड जुळत नाही, हे नशीब म्हणून सोडून द्यायची गरज उरली नाही. हाडाकडे येणाऱ्या पेशींना वेळेवर कसं आणायचं आणि वेळेवर कसं परत पाठवायचं, असा तो आता विचारला जातोय.

वसई-विरार तरुणांचं शहर म्हणून वाढलं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्वस्त घरासाठी इथे आलेली, रोज विरार लोकल पकडून कामाला गेलेली ती पिढी आता साठीच्या पुढे आहे, आणि तिची मनगटं, खुबे, मणके आता मोडायला लागलेत. त्यांच्या घरात पुढची अनेक वर्षं हा सुजेचा प्रश्न येत राहणार. त्या वेळी कुणी आवळून बांधा म्हणालं, मालीश करा म्हणालं, तर बोटांचा रंग आणि ऊब आधी पाहावी. बोटं गार, बधिर किंवा निळी वाटली, किंवा वेदना वाढतच चालली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. तसं काही नसेल तर हात उशीवर उंच ठेवावा, बोटं हलवत राहावीत, आणि त्या फुगलेल्या मनगटाला थोडे दिवस द्यावेत. आत काम सुरू झालेलं असतं.